ओ देणारी विहीर

शिरलात का सगळे पांघरुणात? पाय आत घे रे. तर एकदा काय झालं, झुळझुळपूर नावाच्या नगरात एक विहीर होती, आणि ती चक्क बोलायची! फार नाही, एकच शब्द. बारशाला आत्या बाळाच्या कानात कुर्रर्र करायची, मग विहिरीत वाकून बाळाचं नाव हाकारायची. आतून आवाज यायचा, 'ओ!' की झालं नाव पक्कं.

मग एका घरी बाळ जन्मलं. मुलगा समजून सगळ्यांनी नाव ठेवलं खंडोजी. भागूआत्यानं हाक मारली. विहीर गप्प! आता चारचौघांत आली का पंचाईत? आत्यानं तोंडाला पदर लावला न् स्वतःच हळूच ओ दिली. लबाडच होती, बरं का.

लेकरू मोठं झालं. खंडोजी म्हणून हाक मारली की तोंडून ओ निघेचना. सोळाव्या वर्षी लुगडं नेसून सांगून टाकलं, मी मुलगी आहे, माझं नाव सोनकी. नगरात ही बोंबाबोंब! राजा म्हणाला, ज्या नावाला विहिरीनं ओ दिली ते टाकतेस? खंडोजी हो, नाहीतर दिवस मावळायच्या आत वेशीबाहेर हो.

सोनकीचा जीव कासावीस झाला. आईबाप इथं, घर इथं, जाणार कुठं? ती म्हणाली, "आधी विहिरीला विचारा."

मग काय, सगळं नगर विहिरीवर लोटलं! राजानं मिशीला पीळ देऊन जुनं नाव हाकारलं. विहीर गप्प. मग दवंडीवाल्यानं डफ बडवत हाकारलं. भिंतीतली कबुतरं उडाली, विहीर गप्पच. तेवढ्यात काठी टेकत भागूआत्या आली आणि रडायलाच लागली.

"तेव्हाची ओ माझी होती गं पोरी. मला लोकांची लाज वाटली."

मग तिनं सोनकीच्या कानात कुर्रर्र केलं, विहिरीत वाकली न् हाक मारली, "सोनकी!"

'ओ, ओ, ओ!' अशी गरजली विहीर की पाणी उसळून काठावर आलं, राजाचा फेटा चिंब! पोरांनी आत्याच्या पाठीत धपाधप बुक्के घातले, बारशाला घालतात तसे. राजा खजील झाला. त्यानं सोनकीला साऱ्या नगराची आत्या नेमलं.

पुढं शेकडो बारशी सोनकीआत्यानं केली. कधी विहीर गप्प राहिली, तर ती खोटी ओ देत नसे. म्हणायची, "थांबू या. लेकरू बोलायला लागलं की त्यालाच विचारू."

झुळझुळपूर सुखात नांदलं. आता मिटा डोळे. कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही, बरं का!