ॲरोगंट कोण?

इंग्रजी अमलात एका कलेक्टरसाहेबाने मडमेसह शिरंब्याच्या शाळेतच मुक्काम ठोकला. मुलं बाहेर उन्हात बसू लागली. आठ दिवस वाट पाहून हेडमास्तर त्र्यंबकराव साठये साहेबासमोर उभे राहिले. म्हणाले, "साहेब, शाळा मोकळी करा."

साहेब कडाडला, "यू ॲरोगंट मॅन! नोकरी घालवीन तुझी!"

मास्तर शांतपणे म्हणाले, "तुमच्याच डिक्शनरीत पाहिलंय, साहेब. हा शब्द मूळ लॅटिन. जे आपलं नाही त्यावर हक्क सांगणं, हा त्याचा अर्थ. शाळा गावाची आणि पलंग टाकलाय तुम्ही. मग ॲरोगंट कोणाला म्हणायचं?"

मडमेला हसू आवरेना. लालबुंद झालेल्या साहेबाने नोकरीचा विषयच सोडला. दुपारी त्याचे तंबू माळावर लागले आणि शाळेत पाढे घुमू लागले.