ओल्या पायांचा वसा

एका जंगलाच्या अगदी शेवटाला, जिथे झाडं संपतात आणि लव्हाळी सुरू होतात, तिथे एक पाणकोंबडी राहत असे. तिनं एकदा एक वसा घेतला होता. मुलांनो, त्याच वशाची ही गोष्ट. नीट मांडी घालून ऐका.

त्या पाणथळीवर सकाळी धुकं असं उतरायचं, की कमळं पाण्यावर फुलली आहेत की आभाळात, हेच कळू नये. डोंगरातून एक बारीकसा ओहोळ यायचा आणि लव्हाळ्यांत शिरून गुपचूप पसरायचा. बेडूक, कासवं, खेकडे, बगळे, सगळ्यांचे संसार त्या एका ओहोळावर. सिंहाच्या सभेत प्रत्येक मुलखातून एक जण बसे. पाणथळीनं आपली म्हणून पाणकोंबडीला पाठवायचं ठरवलं. निघताना ती गुडघाभर पाण्यात उभी राहिली, डोळे मिटले आणि म्हणाली, "सभेत हो किंवा नाही म्हणायच्या आधी मी दर वेळी इथे येईन, तुम्हा सगळ्यांना विचारीन आणि इथल्या पाण्यानं ओल्या झालेल्या पायांनीच बोलीन."

म्हातारी कासवीण म्हणाली, "बयो, वसा गोड आहे, पण वाट लांबची आहे हो!"

वाट खरंच अर्ध्या दिवसाची होती. पाणकोंबडी काही गरुड नव्हे. थोडं उडायची, बरंचसं चालायची. पाय वाटेत वाळणार नाहीत तर काय होईल? म्हणून ती चोचीत ओल्या शेवाळाचा गोळा धरून न्यायची. वाटेत कुणी हाक मारली तर नुसती मान हलवायची, कारण तोंडात शेवाळ! सभेच्या कातळापाशी पोचली, की तो गोळा पायांवर पिळायची आणि मगच वर चढायची. हत्तींनी बारमाही लव्हाळी चरण्याची परवानगी मागितली, तेव्हा ती घरी विचारून आली आणि म्हणाली, "पिल्लं अंड्यांतून बाहेर येईपर्यंत नाही. त्यानंतर खुशाल चरा." वणवा अडवायला झाडोऱ्यात पट्टे मोकळे ठेवायचा कायदा आला, तेव्हाही ती विचारून आली आणि "हो" म्हणाली. शेवाळातल्या गाळानं कातळावर तिच्या तीन-तीन बोटांचे काळसर ठसे उमटून राहिले. दारापुढे काढलेल्या गोपद्मांसारखे दिसायचे ते.

एके दिवशी कोल्हा तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "बाई, केवढी ही पायपीट! इथे सभेच्या दाराशी दगडी डोणी भरलेली असते की. पाय भिजल्याशी कारण. पाणी ते पाणी!" पाणकोंबडी त्या दिवशी फार थकली होती. सभेतल्या गवताची गादीही मऊ होती. तिनं डोणीत पाय बुडवले आणि मनाला समजावलं, 'पाय ओले आहेत. वसा काही मोडला नाही.' मग पुढच्या सभेला तसंच केलं. त्याच्या पुढच्याही.

अशाच एका सभेत कोल्हा उभा राहिला. "महाराज, मधल्या रानातलं तळं उन्हाळ्यात आटतं. हरिणांची पाडसं तहानेनं कासावीस होतात. डोंगरातला ओहोळ त्या तळ्याकडे वळवावा. तहानलेल्याला पाणी पाजण्यासारखं पुण्य नाही!" सभेचा नियम असा होता, की ज्या मुलखाचं पाणी, त्याच्या होकाराशिवाय ते हलवायचं नाही. सगळे पाणकोंबडीकडे बघू लागले. पुण्य हा शब्द ऐकून तिचं मन आधीच विरघळलं होतं. डोळ्यांसमोर पाडसांच्या कोरड्या जिभा आल्या. ती चटकन म्हणाली, "हो."

सिंह म्हणाला, "उद्या उन्हं कलली की हुकूम पक्का होईल."

पाणकोंबडी परत आपल्या जागेकडे वळली आणि थबकली. कातळावर तिचे जुने ठसे तसेच होते. आत्ताचे मात्र कुठेच नव्हते. डोणीच्या पाण्याचे ठसे ती जागेवर पोचायच्या आतच उडून गेले होते. ती तशीच घराकडे निघाली.

पोचली तेव्हा दिवस मावळत होता. पाणी केशरी झालं होतं आणि लव्हाळ्यांचे तुरे झोप आल्यासारखे डोलत होते. बेडूक तिला बघून ओरडला, "आलीस का गं ताई? वाट बघून बघून माझा आवाज बसला! सभेतलं गवत मऊ असतं म्हणे!" पण पाणकोंबडीनं काय कबूल केलं ते ऐकल्यावर त्याची थट्टाच थांबली. "म्हणजे पुढच्या वर्षी मी गायचं कुठे? दगडावर?"

कासवीण रागावली नाही. तिनं पाणकोंबडीच्या पायांकडे पाहिलं. "किती कोरडे झालेत गं हे! ये, आधी पाण्यात उभी राहा." मग थोड्या वेळानं म्हणाली, "पाडसांना पाणी द्यायलाच हवं, बयो. पण ओहोळाचं तोंड वळवलं, तर दोन उन्हाळ्यांत इथे भेगा पडतील. पावसाळ्यात आपल्या काठावरून कितीतरी पाणी वाया जातं. ते न्या म्हणावं. त्यांचं तळं खोल करा, त्यात साठवा. खेकडे पाट कोरून देतील."

"आम्ही तयार आहोत," खेकडे म्हणाले.

"पण मी सगळ्यांदेखत हो म्हणून बसले! आता कोणत्या तोंडानं नाही म्हणू?"

"ज्या तोंडात शेवाळ धरतेस ना, त्याच तोंडानं," कासवीण हसून म्हणाली.

पहाटेच्या धुक्यात पाणकोंबडी निघाली. उन्हं कलायला आली तेव्हा ती कातळापाशी पोचली, शेवाळ पायांवर पिळलं आणि वर चढून म्हणाली, "महाराज, माझा होकार मी परत घेते."

कोल्हा खो खो हसला. "ऐका! काल हो, आज नाही. हिचा शब्द धरायचा तरी कसा?"

पाणकोंबडी मागे सरली नाही. "कालचा शब्द माझ्या एकटीचा होता. डोणीत पाय बुडवून मी स्वतःलाच फसवलं. चूक माझी आहे. आजचा शब्द पाणथळीचा आहे." आणि तिनं घरच्यांचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं.

सिंहानं कातळावरच्या ताज्या, काळसर ठशांकडे पाहिलं. मग हरिणीला विचारलं, "तुला चालेल?"

हरिणी म्हणाली, "महाराज, माझ्या पाडसाला पाणी हवं आहे, कुणाचं घर नको."

तसाच हुकूम झाला. ओहोळ आपल्या वाटेनं वाहत राहिला. त्या पावसाळ्यात खेकड्यांच्या पाटातून काठावरचं पाणी झुळझुळत मधल्या रानात गेलं आणि हत्तींनी खोल केलेलं तळं काठोकाठ भरलं. उन्हाळा आला, तरी त्यात पाणी होतं. एका सकाळी पाडसं प्यायला आली, तर धुक्यातून काहीतरी गुलाबी वर येताना दिसलं. पाटातून वाहत आलेलं कमळाचं एक बी तिथे रुजलं होतं.

तात्पर्य : ज्यांच्या वतीनं बोलायचं, त्यांना विचारल्यावाचून बोलू नये, आणि चुकून बोललोच, तर शब्द परत घ्यायला लाजू नये. मुलांनो, तुम्हालाही कधी कुणी आपलं म्हणून पुढे पाठवलं, तर एवढं माझं ऐका : डोणी कितीही जवळ असो, आधी घरी जाऊन पाय ओले करून या आणि मगच बोला.