कुंपणावरचा रानगुलाब

झाडं माणसांशी बोलत होती त्या काळी, दूरच्या एका बर्फाळ मुलखात, एका बागेच्या कुंपणावर रानगुलाब वाढला होता. त्याला पाच पाकळ्यांची साधी फुलं यायची आणि ती गळली की बोराएवढी लाल फळं धरायची. माळीणबाई ती वेचून सुकवायची आणि हिवाळाभर पोरांना खोकल्यावर काढा करून द्यायची.

बागेतल्या कलमी गुलाबाला हे शेजारपण खुपायचं. एका सकाळी तो म्हणाला, "माळीबुवा, या बागेत रानटी मुळं नकोत. सगळी उपटून टाका बघू!"

रानगुलाबाच्या अंगाचा तिळपापड झाला. "अरे, तुझं फूल दोन दिवस फुलदाणीत बसतं नि उकिरड्यावर जातं. माझ्या फळांवर इथली पोरं हिवाळा काढतात. आणि मी रानटी?"

"आधी आपले काटे बघ!" गुलाब फणकारला.

माळ्याने कुदळ उचलली. रानगुलाबाने फांद्या अंगाशी ओढून घेतल्या. पण माळी त्याला ओलांडून थेट गुलाबापाशी गेला आणि त्याच्याच बुंध्याशी उकरू लागला.

"अहो, हे काय करता?" गुलाब किंचाळला.

"रानटी मुळं उपटतोय. या रानगुलाबाच्या मुळं धरलेल्या खुंटावरच मी तुझं कलम बांधलं होतं. तुला स्वतःचं मूळ आहे कुठे?"

गुलाबाची मान खाली गेली. रानगुलाबाचा राग अजून उतरला नव्हता. तरी तो म्हणाला, "राहू द्या, माळीबुवा. मुळं माझी आहेत, त्यांना कशाला शिक्षा?"