एका चिरेचा भोपळा

एका राज्यात प्रतापकेतू नावाचा राजा होता. त्याच्या शस्त्रागारात चाळीस तलवारी होत्या. त्यांतली प्रत्येक उपसून तो आरशासमोर उभा राहिलेला होता. धार मात्र एकीलाही त्याने स्वतः लावली नव्हती. ते काम दरवर्षी शिलाकंठ नावाचा जादूगार करी. चाक खांद्यावर टाकून तो येई, तलवारींपासून मुदपाकखान्यातल्या विळ्यांपर्यंत सगळ्यांना धार लावी आणि गुळाची ढेप घेऊन जाई.

एका वर्षी राजा त्याच्यापाशी घटकाभर उभा राहिला आणि म्हणाला, “दगडावर लोखंड घासायचं. याला विद्या कशाला म्हणायचं?”

शिलाकंठाने चाक थांबवलं. “मग आपणच घासा, महाराज.”

त्याने दगडावरचं पाणी चार बोटांनी शिंपडलं. घारग्यांसाठी निवडलेला लाल भोपळा मांडीवर घेऊन राणी मंजुघोषा शेजारीच बसली होती. ती दिसेनाशी झाली. भोपळा तिथेच राहिला. जरा जड झाला होता.

“अहो,” भोपळा म्हणाला, “इथे बिया फार आहेत.”

शिलाकंठ म्हणाला, “भोपळ्याला पहिली चीर घरच्या पुरुषाने पाडावी, ही या राज्याची रीत. ती महाराजांनी पाडावी. सुरीला धार स्वतःच्या हाताने लावावी. तिसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत एका चिरेत भोपळा उघडला, तर राणीसाहेब मोकळ्या. सुरी मध्येच अडकली, तर राणीसाहेब कायमच्या आत.”

एक काळा दगड राजापुढे ठेवून तो चालता झाला.

पहिल्या दिवशी राजाने मुदपाकखान्यातली सर्वांत लांब सुरी आणवली आणि शत्रू समोर असल्यासारखी ती दगडावर घासली. मग केळीचं पान टांगून त्यावर चालवली. पान चिरलं नाही, फाटलं.

“कुत्रं हाड कुरतडतंय, असं वाटलं मला,” भोपळा म्हणाला.

अंगणातल्या लिंबावर एक खंड्या बसला होता. त्या राज्यात पक्षी बोलत. फक्त राजवाड्यात त्यांचं ऐकायची पद्धत नव्हती.

“राजा, दगड कोरडा आहे,” खंड्या म्हणाला. “त्याला पाणी पाज. पातं आडवं निजवू नकोस. पाठ उचल, खाली करंगळी मावेल इतकी. आणि जोर कमी कर. दगडाने तुझं काय घेतलंय?”

राजाचे कान लाल झाले. पण त्याने पाणी आणलं.

दुसऱ्या दिवशी दगड ओला होता, पाठ उचललेली होती, हात हलका होता. राजाने मोठ्या ऐटीत पिकलेला टोमॅटो पाटावर ठेवला. टोमॅटो चिरला नाही, फुटला, आणि प्रधान सोमशर्मा यांच्या पगडीवर गेला.

पगडी पुसत प्रधान हळूच म्हणाले, “महाराज, शस्त्रागारातली तलवार आणू का? शिलाकंठाने नुकतीच धार लावलेली आहे. कुणाला कळणार?”

“मला कळेल,” भोपळा म्हणाला. “आणि आत मी आहे, प्रधानजी. आपण नाही.”

राजाने मान वर केली. खंड्या मासा खाऊन चोच पुसत होता. फांदीवर एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. पुन्हा उजवीकडून, पुन्हा डावीकडून. राजा बराच वेळ बघत राहिला. मग त्याने पात्याच्या कडेवरून अंगठा अलगद आडवा फिरवला. पलीकडच्या बाजूला लोखंडाची केसासारखी कड अंगठ्याला अडली.

“एकच बाजू घासली मी,” तो म्हणाला. “दिवसभर.”

“मला वाटलं, मुद्दाम घासतोयस,” खंड्या म्हणाला.

तिसऱ्या दिवशी राजा पहाटेच बसला. जितके हात एका बाजूला, तितकेच दुसऱ्या बाजूला. भोपळा आतून मोजत होता. मध्येच तो म्हणे, “आवाज फाटला. पाठ खाली गेली.” राजा पाठ उचली. आवाज पुन्हा सलग होई. दुपार टळली तेव्हा सुरी दगडावरून रेशमासारखी सळसळत होती, आणि राजाच्या दोन बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. त्याने टोमॅटो कापला. टोमॅटोला कळलंच नाही.

सूर्य तटाला टेकला. राजाने भोपळा पाटावर घेतला. सुरी उचलली.

“मंजुघोषे, तू कोणत्या बाजूला आहेस?”

“डावीकडे सरकले आहे. उजवीकडून चिरा.”

“आणि सुरी अडकली तर?”

भोपळा म्हणाला, “पुन्हा एकदा दगडावर फिरवा. मी ऐकते.”

राजाने डोळे मिटले आणि सुरी फिरवली. एक हात या बाजूने, एक त्या बाजूने.

“आता,” भोपळा म्हणाला.

सुरी देठाशेजारी शिरली. खाली पाटावर टक् वाजलं, तेव्हाच ती पार गेल्याचं राजाला कळलं. भोपळ्याची दोन भकलं झाली आणि राणी मंजुघोषा पाय मोकळे करत बाहेर आली. तिच्या केसांत सात बिया होत्या.

शिलाकंठ दारात उभा होताच. त्याने सुरीवरून अंगठा फिरवला. “टोकाकडे पाठ जरा खाली गेली आहे.”

“गेली आहे,” राजा म्हणाला. “टोक अजून साधत नाही. शिकवाल का?”

शिलाकंठ प्रथमच हसला. राजाने आपल्या हाताने त्याला पाट मांडला.

राणी केसांतल्या बिया वेचत म्हणाली, “भोपळा वाया जायला नको. घारगे करते. शिलाकंठ, आपल्या ढेपेतला थोडा गूळ द्या.”

त्या संध्याकाळी घारगे खंड्यालाही मिळाले. त्याला मासा जास्त आवडला असता, हे त्याने बोलून दाखवलं आणि ते ऐकलंही गेलं. तलवारी पुढेही शिलाकंठच पाजवी. पण मुदपाकखान्याच्या पायरीवर दर पंधरवड्याला दगड ओला करून राजा स्वतः बसे. राणी आत पाठमोरी भाजी निवडत असे.

“अहो,” ती न बघता म्हणे.

आणि राजा पाठ उचली.