केसपेपरवरचा हात

"कुठलं बोट?"

"बी पस्तीस पॉइंट एक, सर. नखाची बुरशी."

"मी नंबर नाही विचारला, तन्मय. बोट विचारलं."

तन्मयने हातातला केसपेपर उलटसुलट केला.

आमची नि राजवाडे डॉक्टरांच्या दवाखान्याची भिंत एकच. त्या दिवशी खोकल्याचं निमित्त काढून मी बाकावर बसले होते. खरं सांगायचं तर ऐकायलाच. तन्मय म्हणजे त्यांच्या हाताखाली शिकायला आलेला नवा डॉक्टर. रोगांचे नंबर तोंडपाठ, आणि त्याचा कोण तोरा!

समोर चंपाताई. शाळेत खिचडी शिजवतात. बोटं सुजलेली. हेडमास्तरांनी दाखला मागितला होता: नखात बुरशी निघाली तर सोमवारपासून चुलीजवळ यायचं नाही.

"मागच्या केसपेपरवर हाच कोड आहे," तन्मय म्हणाला. "मी तोच उतरवला."

"आणि हात?"



डॉक्टरांनी कोरा केसपेपर टेबलावर ठेवला.

"चंपाताई, हात ठेवा यावर."

"अहो, हळदीचा आहे. डाग पडेल."

"पडू दे."

मग पेन्सिल तन्मयपुढे धरली. पोरं पाटीवर काढतात ना, तशी हाताभोवती रेघ मार म्हणाले. त्याचे कान लाल झाले. पण लागला काढायला. करंगळी... अनामिका... मधल्या बोटाशी पेन्सिल थांबली.

"सर, नख तर गुळगुळीत आहे. सूज कडेच्या कातडीला आहे." मग पहिल्यांदाच त्याने चंपाताईंच्या तोंडाकडे पाहिलं. "मावशी, दिवसभर हात पाण्यात असतात?"

"दोनशे पोरांची ताटं मग कोण घासणार, तू?"

मला हसू फुटलं. पण डॉक्टरांनी भिंग काढायला मागचं कपाट उघडलं, आणि ते जागीच विरलं.

आत गठ्ठेच्या गठ्ठे. कागदाकागदावर हात. अख्ख्या गावाचे. एका गठ्ठ्यावर आखूड अंगठ्याचा एक हात होता, तो मी बाकावरूनच ओळखला. माझ्या सासूबाईंचा. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली...

डॉक्टरांनी भिंग लावून चंपाताईंची दहाही बोटं पाहिली आणि मान डोलावली. तन्मयने मागच्या केसपेपरवरच्या कोडवर रेघ मारली, शेजारी सही केली. दाखल्यावर लिहिलं: बुरशी नाही. चंपाताईंनी तो कागद दोन्ही हातांनी घेतला.

तन्मय पिवळा डाग पडलेल्या केसपेपरकडे बघत राहिला. कागदभर हातच होता.

"सर," तो हळूच म्हणाला, "नवा कोड कुठे लिहू?"

डॉक्टरांनी पेन्सिल खिशात ठेवली.

"हाताच्या बाहेर."