उतारावरचा ठसा

त्या रानात नदी ओलांडायला एकच उतार होता, आणि तो रानकुत्र्यांनाही ठाऊक होता. म्हणून गव्यांच्या कळपाला कायम सेनापती लागे. लढाई जिंकली की सेनापतीने काठावरच्या ओल्या चिकणमातीत आपला उजवा खूर दाबायचा, अशी तिथली रीत होती. उन्हाने तो ठसा दगडासारखा होई. सेनापती मेल्यावर ज्याचा खूर त्यात नेमका बसेल, तो पुढचा सेनापती.

रानकुत्र्यांशी झालेल्या मोठ्या लढाईत कपाळ्या सेनापती होता आणि काजळ्या त्याच्या डाव्या अंगाला. दोघांचे खूर एकाच मापाचे. नदीच्या खालच्या अंगाला चरणाऱ्या कळपाने काठ धरून ठेवावा, तोवर बाकीच्यांनी पलीकडे जावं, हे दोघांनी मिळून ठरवलं होतं. बाकीचे वाचले. खालच्या कळपातलं कुणी परतलं नाही.

ठसा उमटवून झाल्यावर कपाळ्या म्हणाला, "काजळ्या, तूही लाव की शेजारी. माती ओली आहे अजून."

"तशी रीत नाही," काजळ्या म्हणाला. कपाळ्या आणखी एकदा म्हणेल असं त्याला वाटलं होतं. कपाळ्या म्हणाला नाही.

तेव्हापासून, भर दुपारी कळप सावलीत रवंथ करत बसला की काजळ्या एकटाच उतारावर जाई आणि शिंगाच्या टोकाने ठशाची कड फोडी. ठसा बिघडावा, एवढंच त्याला हवं होतं.

पण पाण्यावर आलेल्या गाई वासरांना दाखवत, "बघा, केवढा खूर आहे!"

"म्हणूनच पायाखाली कोण आलं ते कळलं नाही त्याला," भुरी म्हणे. तिचा मुलगा खालच्या कळपात होता.

"अगं, तो नसता तर हे बोलायला तू तरी उरली असतीस का?"

"मी उरले, तेच तर सांगतेय."

भांडण रोजचंच झालं. काजळ्याला स्तुती सोसत नव्हती, आणि शिव्याही सोसत नव्हत्या, कारण त्यासुद्धा एकट्या कपाळ्याच्याच वाट्याला येत होत्या. असं काही ऐकलं की दुसऱ्या दुपारी तो आणखी कड फोडी.

एका दुपारी काजळ्या तिथे असताना थकलेला कपाळ्या उतारावर आला. त्याने आपला खूर ठशात ठेवून पाहिला, काजळ्याच्या शिंगाला लागलेल्या मातीकडे पाहिलं, आणि परत गेला. त्या हिवाळ्यात तो मेला.

पलीकडच्या काठावर रानकुत्री जमली. कळप उतारावर गोळा झाला आणि काजळ्या पुढे आला. या क्षणाची त्याने जन्मभर वाट पाहिली होती. त्याने उजवा खूर ठशात ठेवला. मग डावा ठेवला. मागून कुणीतरी खाकरलं, तसे त्याने मागचे दोन्ही पायही आत घेतले.

तो चारी पायांनी ठशात उभा होता, आणि त्याच्या उजव्या अंगाला अजून एका गव्यापुरती जागा उरली होती.