‘मामोनास’ची अकरा पाने

एकदा एका वृद्ध पाळकांनी आपली चाळीस वर्षांची विद्या भोपळ्यांच्या शेजारी नेऊन ठेवली आणि ते थकून बाकावर बसले. असे त्यांनी का केले, हे सांगायला थोडे मागे जावे लागेल. सांगणाऱ्याचेही आता वय झाले आहे, तेव्हा सावकाश सांगतो.

गोदावरीकाठच्या एका लहान गावात हे पाळक राहत. चर्चच्या सेवेतून ते केव्हाच निवृत्त झाले होते. चर्चच्या मागच्या दोन खोल्यांत ते आणि अंथरुणाला खिळलेली त्यांची थोरली बहीण आक्का, अशी दोघेच राहत. रोज दुपारी शिलास नावाचा तरुण त्यांच्याकडे ग्रीक शिकायला येई. पाळकांजवळ धन म्हणावे असे काही नव्हते. होती ती एक पत्र्याची पेटी, आणि तिच्यात वह्या. बायबलमधल्या शुभवर्तमानाच्या मूळ ग्रीकातल्या एकेका शब्दावर त्यांनी आयुष्यभर टिपणे काढली होती. त्यांच्या पश्चात ही पेटी शिलासला मिळणार, असे सारे गाव धरून चालले होते. शिलास तर गावाच्याही आधीपासून.

शिलासला आयुष्यातला पहिला उपदेश करायचा होता. रविवार ठरला होता, वचनही ठरले होते. देव आणि धन, या दोघांची चाकरी एका माणसाच्याने होत नाही, असे प्रभू जिथे सांगतो ते. धनासाठी मूळ ग्रीकात तिथे ‘मामोनास’ हा शब्द आहे. त्यावर पाळकांनी अकरा पाने लिहिली होती.

“गुरुजी, ती वही द्या ना,” शिलास रोज म्हणे.

“उद्या बघू,” पाळक रोज म्हणत.

“अर्थ मला तसा ठाऊक आहे. बाजारपेठेत चंपालालशेठच्या दुकानावरून गेलं की समोर दिसतोच. पण हाताशी आधार हवा. तुमच्या वहीशिवाय तिथं उभा राहिलो तर पाय लटपटतील माझे.”

पाळक त्याच्याकडे नुसते पाहत. पूर्वी असे काही ऐकले की ते रागवत. हल्ली रागवायलाही अंगात बळ लागते, आणि ते त्यांच्याजवळ उरले नव्हते.

उपदेशाच्या आठ दिवस आधी सुगीचा सण आला. त्या दिवशी तिथल्या चर्चमध्ये लोक पैशांऐवजी पिकातला वाटा आणतात. ज्वारी, भोपळे, अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या, सगळे वेदीपुढे ठेवतात, आणि उपासना आटोपली की आवारात त्याचा लिलाव होतो. नियम एकच, वेदीपुढे ठेवलेली वस्तू परत नेता येत नाही. ज्याची त्यालाही ती लिलावातच घ्यावी लागते. चंपालालशेठ दरवर्षी धान्य घ्यायला येत. चपला बाहेर काढून ते शेवटच्या बाकावर गप्प बसत.

त्या दिवशी पाळकांनी दोन गड्यांकडून पत्र्याची पेटी उचलून आणवली आणि वेदीपुढे ठेवली. उपासना संपेपर्यंत शिलासला एक शब्द ऐकू आला नाही. आवारात लिलाव सुरू झाला, तसा तिथे बाकावर बसलेल्या पाळकांजवळ तो गेला.

“गुरुजी, हे काय केलंत? ती माझ्या भरवशाची एकच गोष्ट होती.”

“माझ्याही,” पाळक म्हणाले. “बस इथं. वैशाखातल्या वादळात आपली मागची भिंत पडली, आठवतं?”

“मी गावी होतो. पण ऐकलं. तुम्ही वह्या वाचवल्यात, शेठनी आक्कांना वाचवलं. सगळे अजून कौतुक करतात.”

“ते कौतुक ऐकून ऐकून मी थकलो रे. भिंत करकरली तेव्हा मी आत होतो. पेटी ओढत ओढत लिंबाखाली आणली, तिच्यावर बसलो, दम खाल्ला. वह्या कोरड्या आहेत ना, ते झाकण उघडून पाहिलं. आणि मग मला आठवलं, की आत आक्का आहे.”

शिलास आता कुठे बाकावर टेकला.

“तोवर शेठ आत शिरला होता. दुकान सताड उघडं टाकून आला. त्यानं आक्काला पाठीवर घेऊन बाहेर आणलं. तिकडं त्याची साखरेची पोती भिजली, त्याचं एका शब्दानं कधी बोलला नाही. आक्काही काही बोलली नाही. मी भाकरी कुस्करून देतो, ती खाते. तिनं रागवावं असं फार वाटतं.”

पलीकडे कोणीतरी कोंबडीची बोली वाढवत होते.

“ग्रीकात धनाला दुसरे शब्द होते, शिलास. पण शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनी इथं प्रभूच्या अरामी बोलीतला शब्द तसाच ठेवला. ज्यावर माणूस विसंबतो ते, असं त्याचं मूळ असावं, असं काही जाणकार मानतात. खात्री कुणालाच नाही. तीस वर्षांपूर्वी मी हे सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं. लिहिताना डोळ्यांपुढं सावकार होते, शेठ होते. माझी पेटी एकदाही आली नाही. तुला घ्यायची असेल तर बोली लाव, मी अडवणार नाही. मला मात्र आता ती घरात नको.”

लिलाव करणाऱ्या पंचांनी पेटी पुढे ओढली. शिलासच्या खिशात पुढच्या शिक्षणासाठी जपलेले पैसे होते. तो उठून उभा राहिला. त्याने खिशात हात घातला खरा, पण बोली लावली नाही. कोणीच बोलत नाही असे पाहून शेठनी मागून एक आकडा सांगितला आणि पेटी त्यांची झाली.

शेठ पेटीजवळ आले. “शिलासभाऊ, ही तुम्ही न्या. मला यातलं काय वाचता येणार? पाळकसाहेबांची वस्तू रद्दीत जाऊ नये, म्हणून बोललो मी.”

ज्या माणसाकडे बोट दाखवून तो पुढच्या रविवारी बोलणार होता, तोच माणूस त्याला हवे ते फुकट देत होता. शिलासला मनस्वी लाज वाटली. तरीही त्याचा हात पेटीच्या कडीवर गेला होता, आणि सोड म्हटले तरी सुटत नव्हता. आपला हात असा आपले ऐकत नाही, हे तो प्रथमच पाहत होता.

बऱ्याच वेळाने त्याने कडी सोडली.

“शेठजी, आठ दिवस तुमच्याकडंच राहू द्या,” तो म्हणाला. “रविवार झाला की मी येतो.”

“आणि रविवारी काय सांगाल?”

“आत्ता झालं ते. माझ्या हाताचं.”

पाळकांनी हे ऐकले की नाही, कळले नाही. ते गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि मागच्या खोल्यांकडे चालू लागले. आक्काच्या जेवणाची वेळ झाली होती.

वाचकहो, भिंत पडताना आपला हात कशाकडे जाईल, हे ती उभी आहे तोवर एकदा पाहून ठेवावे.